उतारशाळेतील जागा : प्रस्तावना

लूककृत शुभवर्तमानातील ख्रिस्तजन्माच्या कथेत एक तपशील इतक्या संक्षेपाने आला आहे, की अतिपरिचयामुळे त्याकडे आपले लक्षच जात नाही. कैसराच्या हुकुमावरून नावनिशी लिहून देण्यासाठी योसेफ आणि गर्भवती मरीया बेथलेहेमास आली, तेथेच तिचे दिवस भरले, आणि उतारशाळेत जागा नसल्यामुळे तिने आपल्या पुत्राला गव्हाणीत निजविले. ताऱ्याचा कंदील, गवताने शाकारलेला गोठा, मध्यरात्रीचा घंटानाद, गीते आणि दीप असा जो संभार आज नाताळच्या नावाने आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो, तो सगळा या एका नकाराभोवती जमला आहे. म्हणून माझी अशी धारणा आहे की, नाताळची उपासना कशी करावी हा प्रश्न आणि त्या रात्री चर्चच्या दारात येऊन थबकलेल्या अपरिचित माणसाला कोठे बसवावे हा प्रश्न, हे दोन्ही मुळात एकच आहेत. प्रस्तुत संग्रहाच्या संपादकांनी हे दोन विषय एकाच वेष्टनात आणले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

या विषयाशी माझा संबंध केवळ वाचनाचा नाही. तरुणपणी नोकरीनिमित्त एका अनोळखी शहरात राहत असताना नाताळच्या आदल्या रात्री मी तेथील एका चर्चमध्ये गेलो. पहिल्या बाकावर बसू लागताच, ही जागा ठरलेली आहे, असे मला सांगण्यात आले. दुसऱ्या बाकाच्या टोकाला बसलेले गृहस्थ आपल्या जागेवरून हलले नाहीत. मी भिंतीशी उभा राहिलो, आणि परत फिरावे असे मनात येत असतानाच एक वृद्ध बाई वीतभर आत सरकल्या, त्यांनी मला खुणेने बोलाविले आणि हातातील ‘उपासना-संगीता’चे उघडे पुस्तक आम्हां दोघांच्या मधोमध धरले. त्या रात्रीचा उपदेश मला आज आठवत नाही. ते मधोमध धरलेले पुस्तक मात्र मी विसरलो नाही. त्या बाईंनी मला आपल्या मंडळीत घेतले ते एकही वाक्य न बोलता, आणि पुढे अनेक वर्षे या प्रश्नाचा विचार करताना मी त्याच वीतभर जागेपाशी परत येत राहिलो.

नवख्या वाचकासाठी आरंभी थोडी परिभाषा सांगणे इष्ट होईल. ‘नाताळ’ हा शब्द जन्मवाचक पोर्तुगीज ‘नाताल’पासून आपल्याकडे आला आणि इतका रुळला, की पोर्तुगीजांशी ज्यांचा कधीच संबंध आला नाही, अशा नगर जिल्ह्यातील खेड्यांतही तो घरचाच झाला. सणाचा काळ एका दिवसाचा नाही. त्यापूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे प्रतीक्षेचे असतात. चोवीस डिसेंबरच्या रात्री प्रतीक्षा संपून उत्सव सुरू होतो. आणि सहा जानेवारीस, पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी बालकाचे दर्शन घेतले त्या प्रसंगाच्या स्मरणाने, बारा दिवसांचा हा काळ पूर्ण होतो. रोमन कॅथॉलिक परंपरेत नाताळच्या तीन मिस्सा आहेत : मध्यरात्रीची, पहाटेची आणि दिवसाची. ज्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मिस्सा नाही, तेथे शास्त्रपाठ, गीते, प्रार्थना आणि उपदेश यांनी उपासना गुंफलेली असते. कथेतील दोन मुख्य पाहुण्यांकडे पाहिले तरी पुरेसा बोध होतो : पहिले आले ते रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ, आणि नंतरचे दूरदेशीचे, परधर्माचे, ताऱ्यांचा अभ्यास करणारे लोक. यजमान म्हणवून घेणारा तेथे कोणीच नव्हता; जे आले ते सर्व पाहुणेच होते.

सणाचा इतिहास पाहू लागले, तर त्याच्या बहुतेक रूढी कोणातरी बाहेरच्या माणसासाठी जागा करण्याच्या खटपटीतून जन्मल्या, असे आढळते. पंचवीस डिसेंबर ही तिथी रोममध्ये इ. स. ३३६ च्या सुमारास पाळली जात होती, याचा लेखी पुरावा आहे. १२२३ साली इटलीतील ग्रेचो या डोंगरी गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणून जन्मस्थानाचा देखावा मांडला. लॅटिन न जाणणाऱ्या गावकऱ्यांना तो प्रसंग डोळ्यांनी पाहता यावा, ही त्याची इच्छा होती. आणि हातात मशाली घेऊन ते लोक डोंगर चढून आले. आपल्या वसईत, गोव्यात आणि मुंबईच्या गावठाणांत दरवर्षी जे गोठे मांडले जातात, त्यांची वंशावळ तेथवर जाते. आगमनकाळातील मेणबत्त्यांचे चक्र १८३९ साली हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखेर्न या पाळकाने सुरू केले, ते त्याच्या आश्रयगृहातील निराधार मुलांसाठी. नाताळ केव्हा येणार, असे ती मुले रोज विचारीत, म्हणून दिवस मोजण्याचे हे साधन त्याने त्यांच्या हाती दिले. इंग्लंडात ट्रुरो येथे १८८० साली बिशप बेन्सन यांनी नऊ शास्त्रपाठ आणि नाताळगीते यांची उपासना योजली, तेव्हा तेथील कॅथीड्रल बांधून व्हायचे होते आणि उपासना एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत झाली. तिच्यातील पाठ वाचण्याचा मान लहान गायकापासून थेट बिशपापर्यंत चढत्या क्रमाने दिला जाई. महायुद्धातून धर्मगुरूची सेवा करून परतलेल्या मिल्नर-व्हाइट यांनी १९१८ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात तिला नवे रूप दिले, कारण युद्धाने होरपळलेल्या मनाला जुनी, कोरडी उपासना पुरेशी पडत नाही, असे त्यांना दिसून आले होते. आणि १९२८ पासून नभोवाणीने ती चर्चची पायरी कधीही न चढलेल्या घरांतही नेली.

या प्रवाहाला विरोधही झाला, आणि तो समजून घेतल्यावाचून महाराष्ट्रातील चित्र स्पष्ट होणार नाही. पवित्र शास्त्रात ज्याची आज्ञा नाही तो सण पाळू नये, या निष्ठेने इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळ रद्द केला, आणि मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ ते १६८१ पर्यंत तो पाळणाऱ्यास पाच शिलिंगांचा दंड होता. १८१३ साली मुंबईस उतरून मराठी मिशनचा पाया घालणारे अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या परंपरेतले. सणावारांविषयी संकोच बाळगणाऱ्या त्या परंपरेच्या मराठी वारसांनी पुढे नाताळ हाच वर्षातील आपला सर्वांत मोठा सण केला; फराळाच्या करंज्या आणि चिवडा शेजाऱ्यांकडे पाठवून, दारी आकाशकंदील लावून त्यांनी तो आपल्या भूमीत रुजविला. मला यात आपल्या लोकांच्या स्वभावाचा मोठा पुरावा दिसतो. ज्या घरी ताट शेजारी जात नाही त्या घरचा सण अपुरा, ही समजूत कोणत्याही धर्मशास्त्रापेक्षा बळकट ठरली.

आता दुसरा धागा, आगतस्वागताचा. याकोबाच्या पत्रात, सोन्याची अंगठी घातलेल्या श्रीमंतास मानाची जागा आणि मळक्या वस्त्रांतील गरिबास पायाशी जागा देणाऱ्या मंडळीची कडक कानउघाडणी आहे. म्हणजे बसण्याच्या जागेचा वाद पहिल्या शतकाइतका जुना आहे. प्राचीन चर्चमध्ये द्वारपालाचे स्वतंत्र पद होते. ते कॅथॉलिक चर्चमध्ये १९७२ सालापर्यंत नावाने का होईना टिकून होते. बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांना शास्त्रपाठ व उपदेश ऐकण्याची मुभा असे, परंतु प्रभुभोजनापूर्वी त्यांना निरोप दिला जाई. संत बेनेडिक्टच्या नियमावलीने, मठात येणाऱ्या प्रत्येक अतिथीला प्रत्यक्ष ख्रिस्त मानून घ्यावे, असा दंडक घातला. तो वाचताना आपल्या ‘अतिथिदेवो भव’ या वचनाची आठवण कोणाही मराठी वाचकास झाल्यावाचून राहणार नाही. उलटपक्षी, पुढील काळात इंग्लंडच्या चर्चमधील बाके भाड्याने दिली जात, आणि गरिबाने मागे उभे राहावे, अशी वहिवाट पडली होती. दार उघडे असणे आणि जागा मिळणे, यांत केवढे अंतर असू शकते, हे या इतिहासाने शिकविले आहे.

महाराष्ट्र आणि गोवा यांच्या संदर्भात हे अंतर भाषेचे होते, जातीचे होते आणि सुरांचेही होते. १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीच्या ख्रिस्ती लोकांसाठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. नव्याने धर्मात आलेल्या माणसाने गुरूंजवळ वाचनासाठी पुराण मागावे, आणि त्या मागणीतून ग्रंथ उभा राहावा, अशी त्याच्या आरंभीची योजना आहे. मराठी ख्रिस्ती साहित्याचा पहिला मोठा ग्रंथ नवागताच्या विनंतीचे उत्तर म्हणून अवतरतो, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. दुर्दैवाने १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने देशी भाषेवर गदा आणली, आणि मिस्सेची लॅटिन तर तेथील भाविकाला आणि बाहेरच्या पाहुण्याला सारखीच अगम्य होती. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेलेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेली वसई राज्यकर्ते बदलले तरी आपल्या देवळांशी एकनिष्ठ राहिली; पण वेदीवरून मराठी ऐकू येण्यास दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची, ४ डिसेंबर १९६३ रोजी मान्य झालेल्या तिच्या उपासनाविषयक संविधानाची, वाट पाहावी लागली. त्यानंतरच आजीला कळणारी मध्यरात्रीची मिस्सा नातवाच्या वाट्याला आली.

प्रॉटेस्टंट बाजूस प्रश्न सुरांचा होता. पाश्चात्त्य चालींत बसविलेली मराठी पदे म्हणताना शब्दांचे आघात मोडत, आणि खेड्यातील श्रोता दूरच उभा राही. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडून त्या श्रोत्याला परिचित असा मंडप उभा केला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान दिले, आणि आयुष्याच्या अखेरीस ‘देवाचा दरबार’ या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. ‘दरबार’ हा शब्द त्यांनी निवडला, त्यात मला त्यांची सगळी दृष्टी दिसते : दरबार भरतो तो राजाचा, परंतु फिर्याद घेऊन तेथे रयतेतील कोणीही येऊ शकतो.

यजमानपणाचा आणखी एक धडा पुण्याने दिला आहे. तो नाताळचा नाही, तरी येथे सांगणे अगत्याचे आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानास गेलेल्या गृहस्थांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हेही होते. पुढे नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली, ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून जातिबहिष्काराचे ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुणे शहरात दीर्घकाळ गाजला. मिशनने आपल्या रिवाजाप्रमाणे पाहुणचार केला, एवढीच मूळ गोष्ट. पण त्याची किंमत पाहुण्यांनी चुकविली. आपण जे प्रेमाने पुढे करतो ते स्वीकारताना समोरच्या माणसास काय सोसावे लागेल, याचा विचार यजमानाने आधी करावयाचा असतो. ज्याला प्रभुभोजन घ्यावयाचे नाही वा घेता येत नाही, त्याला ते सौम्य शब्दांत आधीच सांगणे; ज्याला केवळ गोठा पाहून, मेणबत्ती लावून निघून जावयाचे आहे, त्याच्या हाती पत्रक न कोंबणे; ज्याला नाव सांगावयाचे नाही, त्याला सर्वांसमक्ष उभे न करणे, ही सगळी त्या चहाच्या पेल्याने शिकविलेली पथ्ये आहेत.

या विषयावर आज जे विचार प्रचलित आहेत, त्यांचे स्थूलमानाने तीन पक्ष मांडता येतील. पहिला विधिनिष्ठांचा. त्यांच्या मते उपासनेत पाहुण्यासाठी फेरबदल करू नये. मंडळी ज्या गांभीर्याने गुडघे टेकते, ते पाहूनच पाहुण्याच्या अंतःकरणास स्पर्श होतो. यात मोठे सत्य आहे. मात्र केव्हा उठावे, केव्हा बसावे हे न कळल्याने ओशाळलेला माणूस सौंदर्यापेक्षा स्वतःच्या अवघडलेपणाचाच अनुभव घेऊन जातो. दुसरा पक्ष वचननिष्ठांचा. उपासनेतील प्रत्येक शब्द नवख्यास कळावा, म्हणून ते विधी सुटसुटीत करतात, संडे स्कूलच्या मुलांकडून जन्मकथेचे नाट्य करवितात, उपदेश सोप्या भाषेत देतात. त्यांच्या स्पष्टतेचा मी ऋणी आहे. परंतु पाहुणा हा आपल्या उपदेशाचे लक्ष्य झाला, की तो पाहुणा राहत नाही, हे भय त्या वाटेवर नित्य असते. तिसरा पक्ष देशी परंपरेचा, टाळ-मृदंगाचा, जमिनीवर मांडी घालून बसण्याचा. रेव्हरंड टिळकांवर माझी भक्ती आहे, तरीही या पक्षास मी एक प्रश्न नम्रपणे विचारीन : हा देश कोणाचा? वसईच्या सामवेदी बोलीत वाढलेल्या शेतकऱ्याचे सूर वेगळे, वाडवळाचे वेगळे. आणि ज्या महार-मांग बांधवांना पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीवर मज्जाव होता, त्यांच्यापैकी कित्येकांना देवळासारखी दिसणारी उपासना जुनी जखमच आठवून देते. परिचितपणाही सर्वांना सारखा लाभत नाही.

या तिन्ही पक्षांचे भांडण मिटविण्याची घाई मला नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा प्रार्थनापुस्तकातून विधिपूर्वक उपासना करणारे अँग्लिकन आणि सणांविषयी एकेकाळी साशंक असलेल्या काँग्रिगेशनल परंपरेचे वारस एकाच छपराखाली आले. तेव्हापासून एकाच मंडळीत मध्यरात्रीची मेणबत्ती हवी असणारे, पहाटेचे भजन हवे असणारे आणि दीर्घ उपदेश हवा असणारे शेजारी शेजारी बसत आले आहेत. ज्यांनी परस्परांना जागा केली आहे, त्यांनाच परक्याला जागा करण्याची विद्या साधते, असे मला वाटते.

आज या ग्रंथाची निकड का, याचे उत्तर शहरांकडे पाहिले की मिळते. नगर, जालना, सोलापूर या बाजूंनी मुंबई-पुण्यास आलेली मराठी ख्रिस्ती कुटुंबे नव्या उपनगरात आपली मंडळी शोधीत फिरतात. त्यांची मुले इंग्रजी उपासनेत रमतात आणि आईवडिलांना तेथे शब्द सापडत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी ख्रिस्ती माणसाला तेथील थंडीत मराठी नाताळगीत ऐकण्याची ओढ लागते. घरी एकट्या उरलेल्या वृद्धांना नाताळची रात्र वर्षातील सर्वांत लांब रात्र वाटते. आणि डिसेंबरअखेर आपल्या चर्चमध्ये मोठ्या संख्येने येणारे हिंदू, मुस्लिम, बौद्ध शेजारी, मुलांना कडेवर घेऊन गोठा दाखविणारे आईबाप, आपल्या मुक्या कुतूहलाने काही मागत असतात, ज्याकडे आपण पुष्कळदा गर्दीचा बंदोबस्त यापलीकडे पाहत नाही. धर्मांतराच्या प्रश्नावरून समाजातील वातावरण संशयाने गढुळलेले असताना तर निर्हेतुक आतिथ्याचे मोल अधिकच वाढते. ज्या स्वागतामागे काही पदरात पाडून घेण्याचा हिशेब आहे, ते स्वागत पाहुण्यास लगेच ओळखू येते. आणि हिशेबाशिवाय केलेले स्वागत तर तो जन्मभर विसरत नाही.

प्रस्तुत संग्रहाचा उद्देश नाताळच्या उपासनेचे सर्वमान्य असे एकच नियमपुस्तक तयार करण्याचा नाही. पाळक, फादर, धर्मभगिनी, वादक, गोठे मांडणारे कारागीर, फराळ करणाऱ्या गृहिणी, आणि नवखेपणीच्या आठवणी सांगणारे सामान्य उपासक, अशा नाना हातांनी लिहिलेले हे लेखन आहे. आणि रूढी कशी आली, हे सांगताना ती कोणासाठी आली, हा प्रश्न त्यातील प्रत्येक लेखकाने स्वतःस विचारावा, एवढीच अट संपादकांनी घातली. त्यामुळे येथे धर्मशास्त्राबरोबर चपला कोठे काढाव्यात याचाही विचार आहे, चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प आणि रडणाऱ्या मुलाच्या आईसाठी जागा यांचाही आहे. काही ठिकाणी लेखकांचे एकमत नाही, आणि संपादकांनी ते ओढूनताणून घडविले नाही, याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. ज्यांनी चर्चचे दार कधी आतून पाहिले नाही, त्या वाचकांना हे पुस्तक उपासनेची ओळख करून देईल. आणि ज्यांचे सारे आयुष्य त्या दाराआड गेले आहे, त्यांना ते दार बाहेरून कसे दिसते, हे दाखवील. दुसरे काम अधिक कठीण आहे, आणि या ग्रंथाने ते धैर्याने केले आहे.

शेवटी एक लहानशी विनंती करून मी वाचकांचा निरोप घेतो. नाताळच्या रात्री आपण लवकर पोहोचतो आणि सवयीने बाकाच्या कडेला बसतो. उशिरा आलेल्या अनोळखी माणसास मग आपले गुडघे ओलांडून आत जावे लागते, आणि तो पुष्कळदा भिंतीशी उभे राहणेच पसंत करतो. येत्या नाताळला आपण आत, भिंतीच्या बाजूस सरकून बसावे, कडेची जागा मोकळी ठेवावी, आणि गीत सुरू होताच पुस्तक थोडे त्या बाजूला धरावे.